पुसायची राहिलेली खोली

ओवी मालननेच काढली. लग्नाच्या घरी धवला गायला पहिलं बोलावणं तिला जायचं, असा तिचा गळा. मधाचं बोट फिरवल्यासारखा. आज त्याच गळ्याने ती खाडीकाठच्या ओट्यावर जवळा निवडत गात होती. पायवाटेवरून कलावती येताना दिसली तसा तिने सूर आणखी गोड केला.

काचेच्या घरामंदी थंड हवा गं झुळुझुळू,
तेवीस नावं नेली कुनी, बाय, हळूहळू.

दुसरी ओळ सगळ्या बायांनी झेलली. मान कुणी वर केली नाही. बोटं जवळ्यातला कचरा वेचत राहिली आणि ओवी पुन्हा पहिल्या ओळीवर आली.

कलावतीला ओवी फोडून सांगायला नको होती. काचेचं घर म्हणजे डोंबिवलीच्या एमआयडीसीतलं संगणक केंद्र, तिथे ती सहा वर्षं ऑपरेटर होती. तेवीस नावं म्हणजे सोमवारी रंगाच्या कंपनीच्या गेटवर लागलेली यादी. खालील कामगारांना पुढील सूचनेपर्यंत आत घेऊ नये, एवढंच वर लिहिलेलं. त्यातले नऊ याच वाडीतले. मालनचा नवरा नाथा त्यात होता.

कलावतीची आई आवडाबाई त्याच ओट्यावर बसली होती, पण चार हात लांब. मागच्या आठवड्यापर्यंत ती मधोमध बसायची.

"डबा आनलास?" आईने विचारलं.

"हो."

"ठेव नि जा. थांबू नको इथं."

"आये, तू तरी ऐक माझं."

"मी ऐकून काय व्हनार? तुझी आयस हाय, तरी अजून बसू देतात मना. उद्याचं ठाव नाय."

मालनने ओवी तोडली नाही. कलावतीच्या पाठीवर ती शेवटच्या घरापर्यंत येत राहिली; मऊ, आणि बारीक काट्यासारखी.

ही वाडी ठाकुर्लीच्या बाजूला, खाडीला पाठ लावून बसलेली. आजाच्या काळात खाडीच पोट भरायची. मग कारखाने आले, आणि पाणी एक दिवस हिरवं, एक दिवस जांभळं येऊ लागलं. रिकामी जाळी वाळत टाकून माणसं गेटवर रांगेला उभी राहिली. मासा गेला नि त्याच्या मागं पोरं गेली, असं आवडाबाई म्हणायची.

कलावतीचा चुलतभाऊ धाकू त्याच रांगेतून रंगाच्या कंपनीत लागलेला. तोंडाने फटकळ, पण माणसं जोडणारा. कामगारांचं ग्राहक भांडार तोच चालवायचा. तांदूळ, डाळ, साबण, दिवाळीला तेल. सभासद आठशेवर गेले, वह्या पुरेनात, तेव्हा कलावतीनेच त्याला म्हटलं होतं, आमच्या मशिनीवर आण. तो नव्वद सालचा मार्च होता.

केंद्राचे मालक त्र्यंबक लेले. पांढरा सदरा, कपाळाला गंध, पुण्याची स्वच्छ भाषा. त्यांनी धाकूला काचेपलीकडचं मशीन दाखवलं. कपाटाएवढं, परदेशातून जुनंच आणलेलं, गार खोलीत घुमत बसलेलं.

"हे तुम्हाला एक मशीन दिसतं," लेले म्हणाले. "परंतु याच्या पोटात आम्ही चार मशीनं केली आहेत. चार घरं म्हणा. प्रत्येक घराला वाटतं, सगळं मशीन माझ्या एकट्याचं. शेजारी कोण राहतं याची गंधवार्ता नाही."

"शेजारी कोण राहतं?" धाकूने विचारलं.

"एक औषधांचे व्यापारी आहेत. एक कापडाचे. आणि तुमचीच कंपनी."

धाकूने बाहेर काढलेल्या चपलांत पाय घातले. "मालक नि आम्ही एका पेटीत? नको, साहेब."

कलावती त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. "दादा, मधे भिंत आहे."

"कुठं? मला तर काय दिसली नाय."

"दिसत नाही. पण आहे. एका घरातून दुसऱ्या घरात बघता येत नाही. ती भिंत मी राखते. आई एकवीरेची आण."

धाकू पायरीवर थांबला. "मशिनीवर भरोसा नाय ठेवत मी. तुझ्यावर ठेवतो."

असं भांडार त्या मशिनीत राहायला आलं. दीड वर्ष सुखात राहिलं. कंपनीत मालकाच्या खिशातली एक संघटना होती. तिला कंटाळून धाकूने नवी उभी करायचं मनात घेतलं. होकार देणाऱ्यांची नावं तो भांडाराच्या घरातच लिहून ठेवू लागला, डाळ-साबणाच्या आड. पहिल्या दिवशी नवी यादी कशी उघडायची ते कलावतीने दाखवलं, म्हणून तिने ती पाहिलेली. ज्याने ज्या क्रमाने होकार दिला त्या क्रमाने नाव. नाथाचं नाव त्यात दोनदा होतं, चौदावं आणि एकोणिसावं.

"हे खोड," ती म्हणाली होती.

"एकदा पिऊन हो म्हणाला, एकदा शुद्धीत," धाकू म्हणाला. "दोन्ही राहू दे. कुठला नाथा कामाला येईल काय सांगता येत नाय."

दोघं हसले होते. तेवीस नावं झाली, माणसं बावीस.

गेटवर यादी लागली त्या संध्याकाळी धाकू केंद्राच्या फाटकाशी उभा होता. कलावती बाहेर आली. तो बाजूला सरला नाही.

"गेटवरची यादी वाचलीस?"

"वाचली, दादा."

"चौदा नंबरला कोण?"

तिने फाटक मागे ओढून लावलं.

"बोल ना. चौदाला कोण नि एकोणीसला कोण? एखाद्या सुपरवायझरनं चुगली केली असती, तर एक माणूस दोनदा दिला असता काय त्यानं? ती माझी यादी आहे. जशीच्या तशी. माझ्या चुकीसकट."

"मी कुणाला दिली नाही."

"मी लिवली नि तू बघितली. तिसरा कोण? मी सोताच जाऊन माझं नाव गेटवर चिकटवून आलो काय?"

"दादा, आण घेतलीये मी."

"तीच सांगायला आलो. ती परत घे. तुझी आण नि तुझी भिंत, दोन्ही तुझ्या साहेबाच्या देव्हाऱ्यात ठेव. काय मिळालं तुला? एसीत तर आधीच बसतेस."

"मी नाही दिली," ती पुन्हा म्हणाली.

"मग भिंतीनंच दिली असेल," धाकू म्हणाला आणि निघून गेला.

त्याने टोचायला म्हटलेलं ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. रात्रभर नाही, पण स्टेशनच्या वाटेवर, पुलावर, वाडीच्या वळणावर ती तेच उलटसुलट करत राहिली. भिंतीने दिली. आणि वळणावरच तिचे पाय थांबले, कारण तिला दसरा आठवला.

मशिनीतल्या घरांना खोल्या होत्या. खोली म्हणजे डिस्कचा एक तुकडा. नवरात्रात भांडाराला मोठी खोली दिली, आणि जुनी रिकामी झाली. ती रंगाच्या कंपनीला हवी होती. एकाची खोली दुसऱ्याला देण्याआधी ती पुसायची, हा नियम कलावतीनेच फळ्यावर लिहून ठेवलेला. खोलीत काय काय आहे त्याची नुसती यादी कोरी केली की नावं दिसेनाशी होतात एवढंच; दारावरची पाटी उतरवली म्हणून आतलं सामान हलत नाही. सगळी खोली कानाकोपऱ्यापर्यंत शून्यांनी भरून काढायची, तेव्हा ती खरी रिकामी. त्याला सहा तास लागत आणि तेवढा वेळ चारही घरं थांबवावी लागत.

भांडाराचं सामान अष्टमीच्या संध्याकाळी हलवून झालं. नवमीला चारही घरांना सुट्टी. तिने पुसण्यासाठी तोच दिवस धरला होता.

नवमीच्या सकाळी ती आली तेव्हा मशीन बंद होतं. वर हळदीकुंकवाची बोटं, समोर कलश, उदबत्ती. लेले सोवळ्यात. रंगाच्या कंपनीचे दोघं-तिघं, औषधवाले, कापडवाले, सगळे पेढ्याला जमलेले.

"साहेब, मला सहा तास पाहिजेत. खोली पुसायची आहे."

"आज?" लेलेंनी तिच्याकडे, एखादीने देवळात चपला घालून यावं तसं पाहिलं. "अगं, आज खंडेनवमी. आज आयुधं विसावतात. माझ्या वडिलांच्या छापखान्यात आजच्या दिवशी खिळ्याला खिळा लागला नाही कधी. वर्षातला एक दिवस त्यालाही निजू दे."

"मग कंपनीला उद्या दुपारनंतर देऊ या."

"उद्या नऊ चाळीसचा मुहूर्त काढला आहे. त्यांचा माणूस नारळ घेऊन येतोय. यादी कोरी केलीस ना?"

"केली. पण..."

"मग दिसतंय का काही?"

"दिसत नाही."

"झालं तर."

दिसत नाही आणि नाही, या दोहोंत किती अंतर आहे हे त्या खोलीत तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने हट्ट धरायला हवा होता. तिच्या हातात झेंडूची माळ होती. वाडीत होडीला हळद लागली की त्या दिवशी तिला पाण्यात लोटत नाहीत, हे ती आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. लेलेंनी परवानगी दिली असती, तरी कुंकू लागलेल्या त्या बटणावर तिचा हात पडला असता का, हेही तिला आता सांगता येईना. तिने माळ मशिनीला घातली आणि पेढा घेतला.

दसऱ्याला नऊ चाळीसला कंपनीचा संगणक अधिकारी महिपत आला. साताऱ्याकडचा, कमी बोलणारा, कामात पक्का. त्याने आपट्याची पानं वाटली आणि विचारलं, "ही खोली आधी कुणाची?"

"कोरी आहे," लेले म्हणाले.

"कोरी असली की मी आधी वाचून बघतो. सवय आहे," महिपत म्हणाला, आणि नारळ फोडला.

तेव्हा ते तिला नुसतं बोलणं वाटलं होतं.

गेटवर यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने लेलेंच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग उठून दार लावलं.

"हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. एका खोलीचं कळलं, तर उरलेले विचारतील, आमच्या खोलीत आधी कोण होतं आणि आमची जुनी आता कुणाकडे आहे. संध्याकाळपर्यंत चारही घरं रिकामी होतील."

"बावीस माणसं बाहेर बसलीत, साहेब."

"ती मी बसवली नाहीत."

"वाडी म्हणते, मी यादी विकली."

"म्हणू दे. लोक विसरतात." त्यांनी चष्मा पुसला. "आणि समजा तू बोललीस. मी सांगेन, आमच्याकडे खोली पुसूनच देतात. मग राहिलं काय? चारही घरांची किल्ली एका माणसाकडे असते, कलावती, आणि तो माणूस तू. दिसत नसलेली भिंत पडली म्हणतील, की किल्लीवाली चोर म्हणतील? तूच ठरव."

त्यांचा आवाज चढला नव्हता. एवढं म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि तिने मशिनीची किल्ली, म्हणजे तो परवलीचा शब्द लिहिलेला बंद लिफाफा, कपाटातून काढून त्यांच्या हातावर ठेवला.

गावकी शुक्रवारी संध्याकाळी देवळासमोर भरली. गेटबाहेरचे नऊ पुढे, बाया मागे. कलावती आपणहून उभी राहिली. भिंत, खोली, शून्यं, सहा तास. तिने जमेल तितकं सोपं केलं. लोक ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचे चेहरे बंद होत गेले.

"मंजे नावं खोलीत होती, पन दिसत नव्हती," एक म्हातारा म्हणाला.

"हो, बाबा."

"नि दिसत नव्हती, तरी त्यानं वाचली."

"हो."

"पोरी, आमाला खुलं समजतेस काय?"

नाथा हसला. "माझं नाव दोनदा लिवलंय तर दोनदा पुसायचं असंल. वेल पुरला नसंल तिला."

हशा झाला, पण तो हसण्याचा नव्हता. मालन मागून म्हणाली, "एसीत बसून बसून थंड झाली ती. तिला आमची धग काय लागनार?"

तेव्हा आवडाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळू. कलावतीला वाटलं, आई आता आपल्या बाजूने बोलेल.

"मना समजलं ते सांगते," आवडाबाई म्हणाली. "कालच्या बोंबलाची पाटी रिकामी केली, पन धुतली नाय. आज तीच पाटी दुसरीला दिली. पाटी रिकामी हाय, पन नाक असंल त्याला कलतं काल काय होतं. असंच ना गो?"

"असंच, आये."

"मंग पाटी धुवायचं काम कुनाचं व्हतं?"

आता सगळ्यांना समजलं होतं.

"माझं," कलावती म्हणाली.

"मंग वास तुझाच," आवडाबाई म्हणाली आणि खाली बसली.

धाकू इतका वेळ खांबाला टेकून होता. तो म्हणाला, "विकली नाय, हे मी एक वेळ मानतो. पण इथं बोलून काय होणार? बुधवारी ठाण्याला कामगार अधिकाऱ्यापुढं बैठक आहे. कंपनी म्हणणार, यादी आमच्या सुपरवायझरनं दिली, ही माणसं मशिनी बिघडवत होती. तिथं बोलशील? तुझ्या साहेबासमोर?"

"नोकरी जाईल," मागून कुणीतरी म्हणालं. कीव नव्हती त्यात, मोजमाप होतं.

"बोलेन," कलावती म्हणाली.

कामगार अधिकारी सरोज चौबळ ठाण्यातल्याच. पन्नाशीच्या, टापटीप, जाड काचांचा चष्मा. लांब टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा वकील, त्याच्याजवळ महिपत, पलीकडे लेले. दुसऱ्या बाजूला धाकू आणि नाथा. कलावतीला बसायला खुर्ची टेबलाच्या टोकाला मिळाली, कुणाच्याच बाजूला नाही.

तिने सांगितलं. वाडीत सांगितलं त्याहून कमी शब्दांत, आणि पाटीचा दाखला देऊन. चौबळबाईंनी तो लिहून घेतला.

वकील उठला. "बाई, चारही घरांची किल्ली तुमच्याकडे होती?"

"होती."

"तुम्ही कुठल्याही घरात शिरू शकत होता?"

"शिरू शकत होते. कधी शिरले नाही."

"हे तुम्ही म्हणता. यादी तुम्हीच काढून कुणाला दिली असेल, असा संशय का घेऊ नये?"

"घ्या," कलावती म्हणाली. "किल्ली ज्याच्याकडे, संशय आधी त्याच्यावरच घ्यायला पाहिजे. मी असते तर मीही घेतला असता. पण तेवढ्यावर थांबू नका. खोली पुसायचं काम माझं होतं. मी पुसली नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगतेय."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी."

वकील समाधानाने बसला. धाकूने कलावतीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एवढंच होतं, की हिने आता आम्हालाही बुडवलं.

"लेलेसाहेब," चौबळबाईंनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"आमच्या केंद्रात पुसल्याशिवाय कुठलीही खोली दुसऱ्याला दिली जात नाही." लेलेंचा उच्चार शब्दाशब्दाला नेटका होता. "या बाई वाडीतल्या लोकांच्या दडपणाखाली बोलत आहेत. ही खोलीही पुसूनच दिली."

"कधी पुसली?"

"भांडार अष्टमीला हललं. कंपनीला दसऱ्याच्या मुहूर्तावर दिली. मधल्या दिवशी पुसली."

चौबळबाईंनी लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. "मधला दिवस म्हणजे खंडेनवमी?"

लेलेंनी चष्मा काढला.

"नाही, मी विचारते, कारण माझ्या सासऱ्यांचा लेथ होता घोडबंदर रोडला. त्या दिवशी आम्हाला घरात सुरीला हात लावू द्यायचे नाहीत. तुमच्याकडे खंडेनवमीला मशीन चालतं?"

पंखा फिरत होता. महिपत टेबलाकडे बघत होता. नवमीच्या पूजेचा पेढा त्यानेही खाल्लेला. कलावती लेलेंकडे बघत होती आणि तिला त्यांचा राग येत नव्हता. एक शब्द बोलायचा, चालतं, आणि ते सुटणार होते. त्या माणसाने वर्षभरात किती गिऱ्हाइकांना किती गोष्टी रंगवून सांगितलेल्या तिने ऐकल्या होत्या. पण हा शब्द त्यांच्या जिभेवर येईना. वडिलांचा छापखाना, खिळ्याला न लागलेला खिळा, हळदीची बोटं, सगळं त्या एका शब्दाच्या आडवं येऊन बसलं.

"नाही," लेले शेवटी म्हणाले. "त्या दिवशी आमच्याकडे मशीन बंद असतं. आजवर चाललेलं नाही."

आवाज पूजेतलाच होता. बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते.

चौबळबाई महिपतकडे वळल्या. "दसऱ्याला खोली ताब्यात आल्यावर तुम्ही काय केलंत?"

महिपतने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने कागद चाळायला घेतले.

"वाचून बघितली. सवय आहे," महिपत म्हणाला.

"काय होतं?"

"तूरडाळ. साबण."

"आणखी?"

"नावं," महिपत म्हणाला. "बाई, मी चाकर माणूस. दिसलं ते वरती दिलं. पुढचं वरच्यांनी केलं."

"दिसलं नव्हतं ते," कलावती म्हणाली. "शोधलंत तुम्ही."

"दार सताड उघडं ठेवायचं नि आत आलेल्याला चोर म्हणायचं," महिपत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. "बरं आहे तुमचं."

चौबळबाईंनी टाचणात एवढंच घातलं, की नोटिशीतली नावं कामगारांच्या खासगी यादीतली असून एक नाव जसंच्या तसं दोनदा आलं आहे. सबब कंपनीने कामावरून दूर ठेवण्याचं दिलेलं कारण खरं दिसत नाही. मग त्या वकिलाला म्हणाल्या, इथे मिटवता की पुढे पाठवू? वकिलाने आठ दिवस मागितले.

लेले जिन्यात तिच्यापुढून उतरले. शेवटच्या पायरीवर न वळता म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." सहा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा अहो म्हटलं.

आठाचे अकरा दिवस झाले आणि गेट उघडलं. एकवीस जण आत गेले. नाथा आत जाताना पहारेकऱ्याला म्हणाला, "चौदा नंबरचा आलो. एकोणीसवाला दुपारपाळीला येईल." धाकूला आत घेतलं नाही. त्याच्यावर वेगळी चौकशी लावली. काम करू न देणं, चिथावणी, असं पानभर.

वाडीत मालनने आवडाबाईची पाटी मधोमध ओढून घेतली. आवडाबाई उठून तिथे जाऊन बसली. कलावती ओट्यावर जाऊन बसली तर गाणं थांबायचं. तिच्यावर ओवी कुणी रचत नव्हतं आता. तिच्यासमोर कुणी गातच नव्हतं. मग तिने ओट्यावर जाणं सोडलं. आंबिवलीच्या एका शाळेत टायपिंगचं काम आहे असं कळलं, तिथे ती अर्ज देऊन आली.

त्यानंतरच्या रविवारी धाकू आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. आवडाबाईने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. तो बसला नाही.

"एकवीस आत गेले," तो म्हणाला.

"कळलं."

"वाडी म्हणते, कलानं आत नेले."

"तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, कलामुळंच बाहेर आलेले."

"दोन्ही खरं आहे, दादा."

त्याला वाद हवा होता. तो मिळाला नाही म्हणून तो जास्तच चिडला. खाडीकडे तोंड करून उभा राहिला. पाणी त्या दिवशी जांभळं होतं.

"भांडाराची यादी परत वहीत लिवतो मी," तो म्हणाला. "वही कुठं ठेवतो ते तुला सांगणार नाय."

"नको सांगू. मला नको नि आणखी कुणाला पण नको. नि वही भरली की रद्दीत टाकू नको."

"शिकवू नको मला."

"बरं."

आतून आवडाबाई दोघांकडे बघत होती आणि भाकरी तव्यावर करपत होती.

"पुढच्या महिन्यात ठाण्याला माझी तारीख आहे," धाकू म्हणाला. "माझ्या एकट्याची. त्या दिवशी सांगितलंस ते परत सांगावं लागेल. मशिनीचं, नवमीचं, सगळं. वकील या वेळी मोठा आणणार ते. सोलून काढतील तुला."

"येईन."

"मी तिथं तुझ्याशी बोलणार नाय. आधीच सांगतो."

"नको बोलू," कलावती म्हणाली. "मी अधिकाऱ्यांशी बोलायला येते. तारीख कितवी?"